दिसते, पण सापडत नाही

आमच्या साहेबांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नाही, कुणाकडून मिठाईचा पुडासुद्धा घेताना पाहिलं नाही, आणि समोरची वस्तू समोर आहे असं कबूल करतानाही पाहिलं नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी त्यांना हार घालावा आणि तिसरीसाठी त्याच हारानं... जाऊ दे. वयानं मोठा माणूस, बोलू नये.

रसायनीला पाताळगंगेच्या काठी आमचा कारखाना. नाव सांगत नाही, सांगून काय उजेड पडणार आहे? तिथं कागदपत्रांचा एक विभाग होता. कागदपत्रं म्हणायचं आपलं, कागद एक नाही. कुठला माल कसा बनवायचा, अंगावर सांडला तर काय करायचं, सगळं कॉम्प्युटरात. विभागात आम्ही तिघं. साहेब, भोईरभाऊ आणि मी. साहेब कर्जतचे, स्कूटरवरून यायचे, पाऊस असो की वणवा. भोईरभाऊ इथलेच, जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही असा माणूस. मी लोधिवलीची सून, माहेर पळसदरी. कॉम्प्युटर मला साहेबांनीच शिकवला, हे आधीच सांगून टाकते. बोटांवर रुमाल टाकून टायपिंग करायला लावायचे. "बाई, बघून टाइप करणाऱ्याला बोटं नसतात, नुसते डोळे असतात," म्हणायचे. डोळ्यांवर त्यांचा राग पहिल्यापासूनच होता, मला कळायला वेळ लागला.

आता आमच्या फायलींचं तुम्हाला थोडं सांगायला हवं, नाहीतर साहेब कळायचे नाहीत. सगळ्या फायली मुख्य कार्यालयातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. मुख्य कार्यालय मुंबईला, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायला सोयीचं. आमची लाइन मात्र दिवसाआड जायची. कधी जुन्या हायवेला जेसीबीनं केबल तोडली म्हणून, कधी उगीच, मूड नाही म्हणून. मग त्या मोठ्या फोल्डरची एक सावली प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ठेवलेली होती. लाइन गेली की सावलीत काम करायचं, लाइन आली की सावली आणि मूळ आपापसात जुळवून घेणार. सासू-सुनेचं जुळतं तितपतच ते जुळायचं.

आणि फोल्डरच्या वर कोपऱ्यात एक चौकोन. त्यात नाव टाकलं की फाइल शोधून मिळते. सगळ्या जगात असतो तसाच. पण साहेब त्या सर्चचं नाव असं घ्यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी वरचा अधिकारी बसलाय आत. "सर्चला विचारलंत?" "सर्च काय म्हणतो?" "सर्च नाही म्हणाला." आणि सर्च नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाही.

मी लागले त्याच वर्षी माझ्या रजेचा अर्ज असा नाहीसा झाला. मी अर्ज नीट टाइप करून फोल्डरात ठेवला, साहेबांना सांगितलं. साहेबांनी चौकोनात माझं नाव टाकलं. काही नाही. म्हणाले, तुम्ही अर्ज दिलेला नाही. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले, फोल्डर उघडला, बोट लावून दाखवला, हा काय. साहेब वाकले, चष्मा वर केला, खाली केला, आणि शांतपणे म्हणाले, "फाइल दिसतेय खरी. पण सापडत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? तर म्हणाले, काकण नोंदलेलं असेल तर नको आरसा. मी अर्ज पुन्हा टाइप केला. आता फोल्डरात दोन अर्ज झाले, आणि सर्चला दोन्ही सापडेनात. शेवटी मी रजाच घेतली नाही, कामावर गेले. तिकडे माहेरी वाट बघत बसलेल्या आईनं मला चार शब्द सुनावले ते वेगळेच.

माझ्या धाकट्या दिराचं, गणेशचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. गणेश आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला, मागच्या आवारात पिंपं उतरवायचा, त्यामुळे साहेबांना पत्रिका द्यायचीच होती. पण साहेब त्यांच्या नियमाप्रमाणे कागद घेणार नाहीत. मी पत्रिकेचा फोटो काढला, फोल्डरात ठेवला, सांगितलं. लग्न लोधिवलीला, रस्त्याला लागूनच मांडव. संध्याकाळी साहेब स्कूटरवरून घरी निघालेले, बँड वाजतोय म्हणून थांबले. मी नऊवारीत, हातात अक्षतांचं ताट, मी त्यांना बोलावतेय, या, या. साहेबांनी हात केला, हसले आणि निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, "आमंत्रण सापडलं नाही, बाई. न बोलावता मांडवात कसा शिरू?" सासूबाई म्हणाल्या, असा मानूस मी जनमात बघितला नाय. त्यांनी जन्मात बरंच बघितलंय, म्हणून सांगते.

हे खूळ आलं कुठून, हे भोईरभाऊंनी एकदा सांगितलं. साहेब पूर्वी दुसऱ्या कारखान्यात होते. तिथं कपाटं होती, कागद होते. एकदा तपासणी करणाऱ्यांपुढे साहेब छातीठोक म्हणाले, अमुक कागद त्या कपाटात आहे, मी रोज बघतो. कपाट उघडलं तर कागद भलताच. रोज बघून बघून तोच आहे असं वाटत होतं. चारचौघांत नाक कापलं गेलं. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तो सर्च येईपर्यंत कशावरच बसला नाही. एका अर्थानं बिचारा माणूस. पण बिचाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करायला लागलं की बिचारे आपण होतो.

तरी एकदा भोईरभाऊंनी हिंमत करून पनवेलहून कॉम्प्युटरवाला बोलावला. शहाणा माणूस होता. त्यानं लॅपटॉप बघितला आणि सोप्या शब्दांत सांगितलं. सर्च फोल्डरात बघतच नाही. त्याच्याकडे स्वतःची एक यादी असते, तो त्या यादीत बघून सांगतो. लाइन सारखी जाते, सावलीची आणि यादीची गाठ पडत नाही, म्हणून यादी शिळी राहते. ती पुसायची, नवी करायला लावायची, एक दुपार लॅपटॉप चालू ठेवायचा, काम झालं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे सर्च चुकतो असं तुमचं म्हणणं आहे? तो म्हणाला, चुकत नाही हो, शिळं सांगतो. साहेब म्हणाले, लेखी द्या. त्यानं बिचाऱ्यानं तिथंच बसून लेखी दिलं, फोल्डरात ठेवलं आणि चहा पिऊन गेला.

तो फाटकाबाहेर पडला नसेल तोच साहेबांनी ते लेखी शोधलं. सर्च नाही म्हणाला. मग कसली यादी आणि कसलं पुसणं? कशाच्या आधारावर करायचं? मी भिंतीवर डोकं आपटायचीच राहिले.

पण कॉम्प्युटरवाल्याचं एक वाक्य साहेबांच्या डोक्यात राहिलं होतं. तो बोलता बोलता म्हणाला होता की काही फायलींचं सावलीत नुसतं नाव असतं; फाइल त्या लॅपटॉपवर एकदा तरी उघडलेली असली तरच आतला मजकूर उतरतो, नाहीतर लाइन गेल्यावर उघडत नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे फायलींची हजेरी सुरू झाली.

हजेरी म्हणजे अक्षरशः हजेरी. सकाळी चहाच्या आधी तिघांनी आपापले लॅपटॉप घेऊन बसायचं. साहेब फाइलचं नाव पुकारणार, आम्ही ती उघडायची, उघडल्याची खूण राहावी म्हणून सेव्ह करायची, आणि भोईरभाऊंनी फाइलच्या वतीनं "हजर" म्हणायचं. सुरक्षेची सगळी पत्रकं अशी उभी राहून हजेरी देत होती. सुरक्षेचं पत्रक म्हणजे प्रत्येक रसायनाची कुंडली. ते काय आहे, कातडीला लागलं तर काय, डोळ्यांत गेलं तर काय. भोईरभाऊंचा घसा बसला तेव्हा त्यांना मीठपाण्याच्या गुळण्या करायला सुट्टी होती, फायलींना नव्हती.

आणि याचं फळ काय? तीन लॅपटॉपवर तिघांनी एकच फाइल सेव्ह केलेली. लाइन आली की कॉम्प्युटर विचारायचा, यातली कुणाची ठेवू? मी म्हणे कुठलीही ठेव मेल्या, सगळ्या सारख्याच आहेत. साहेब म्हणायचे, सगळ्या ठेवा, कुणाला डावलायचं नाही. मग मूळ फाइल, तिच्यामागे साहेबांचं नाव लागलेली, भोईरभाऊंचं लागलेली, माझं लागलेली. बापाच्या मागे वारस लागलेल्या सातबाऱ्यासारखा तो फोल्डर झाला. आणि जसजशी ही गर्दी वाढली, तसतसे साहेब सर्चला आणखी घट्ट धरून बसले. एवढ्यांतली खरी कुठली? तर सर्च देईल ती. सर्च काहीच देत नसेल, तर खरी एकही नाही.

आम्ही हसायचो हो. जेवणाच्या सुट्टीत भोईरभाऊ डबा उघडून "भाकरी हजर" म्हणायचे आणि मी पोट धरून हसायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं तोवर ती करमणूकच होती. मग गणेशच्या डोळ्यांत उडालं.

दुपारची वेळ. नवीन आलेल्या पिंपातून माल काढताना नळी निसटली. डोळ्यांवरचा चष्मा घामानं धुरकटला म्हणून त्यानं कपाळावर चढवलेला. बरोबरच्यांनी त्याला तसाच उचलून नळाखाली धरला, ते शहाणपण त्यांनी केलं, देव त्यांचं भलं करो. तसंच भिजत्या अंगानं जवळच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी धुणं चालूच ठेवलं आणि कारखान्यात फोन केला. हे आहे काय? आम्ल आहे की अल्कली? पुढं काय द्यायचं, कुठं पाठवायचं, त्यावर ठरतं. आता पिंपावर काय लिहिलेलं? नुसता नंबर. कंपनीचं मिश्रण गुपित ना, म्हणून नाव लिहायचं नाही. नाव आणि गुण सगळे त्या नंबराच्या पत्रकात, आणि त्या दिवशी केबल तुटलेली, लाइन बंद. आमच्या दोघांचे लॅपटॉप नेमके मुख्य कार्यालयानं तपासायला नेलेले. उरला साहेबांचा.

भोईरभाऊ कानाला फोन लावून धावतच आत आले, मागून मी. गणेशचं नाव ऐकलं तशी मी हातातलं तिथंच टाकून धावले होते. साहेबांनी लगेच नंबर टाकला, त्यात त्यांनी उशीर केला नाही. सर्च नाही म्हणाला. साहेबांनी चष्मा पुसला, एकेक आकडा बोलत पुन्हा टाकला. नाही.

"नाही," साहेब म्हणाले.

मी त्यांच्या हाताखालचा माउस ओढून घेतला. फोल्डर उघडला, खाली गेले. तिथं होतं. एक सोडून चार, ओळीनं. मूळ आणि मागे आम्ही तिघं. मी म्हटलं, हे काय, समोर आहे, वाचा भोईरभाऊ, सांगा त्यांना.

साहेबांनी हात मध्ये घातला. म्हणाले, दिसतंय, पण यातलं चालू कुठलं ते सर्च सांगत नाही. चुकीचं गेलं तर डॉक्टर चुकीचा इलाज करतील, आधी खात्री करू. हे त्यांचं बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला. मी सांगतेय, चारही एकच आहेत, आम्ही नुसतं उघडून सेव्ह केलंय, तुमच्यासमोर. तर म्हणाले, तसं लेखी कुठं आहे? आणि लॅपटॉपचं झाकण लावलं. मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडचे साहेब जेवायला गेले होते.

मी झाकण उघडलं. लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. साहेब हात मांडीवर ठेवून बसलेले. भोईरभाऊंच्या हातातल्या फोनमधून डॉक्टरांचा हॅलो, हॅलो ऐकू येत होता. एरवी ऑफिसात मी शुद्ध बोलते, सासरचं सासरी ठेवते. तेव्हा ते काही राहिलं नाही.

"तो माझा दीर हाय, साहेब. डोळे जातील त्याचे. उघडा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला. मी पत्रक उघडलं, पडद्याचा फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला.

खोटं कशाला बोलू, ती फाइल लाइन नसताना उघडली ती त्यांच्या हजेरीमुळेच. नाहीतर सावलीत नुसतं नाव असतं आणि आम्ही नावाकडे बघत बसलो असतो. हे मी कबूल करते. पण त्याचे उपकार मानायला कुणी सांगू नका.

गणेशचा डावा डोळा वाचला. उजव्यानं त्याला अजून धुरकट दिसतं. त्या गेलेल्या वेळानं फरक पडला का, असं मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, परत परत विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, धुतलं वेळेवर ते महत्त्वाचं. डॉक्टर लोकांना असं बोलावं लागतं. मला काय वाटतं ते मला वाटतं.

मुख्य कार्यालयानं चौकशी केली. एरवी एका उत्तराला महिना लावणाऱ्यांनी ही चौकशी झटपट उरकली. दोष कुणाचा? केबलचा. जेसीबीवाला कुठला कोण, तो काय भांडायला येतोय? आणि मला मेमो. खात्री न केलेली प्रत परस्पर बाहेर पाठवल्याबद्दल. खाली सही आमच्या साहेबांची. नियमाप्रमाणे विभागप्रमुखाची सही लागते, त्यांनी केली. भोईरभाऊ म्हणाले, करताना त्यांचा हात अडखळला होता. म्हटलं, अडखळला ना, थांबला तर नाही.

तर असा मेमो माझ्या पर्समध्ये, आणि मी पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात, जिथं गणेशला हलवलं होतं, त्याच्या उशाशी. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याची बायको, नवी नवरी, रडून रडून सुजलेली, तिला मी खाली जेवायला पाठवलेली. दुपारची भेटायची वेळ. दारात साहेब. हातात शहाळं, शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र न धुतल्यासारखा. आत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही.

गणेशला बुटांचा आवाज आला असणार. "वयनी, कोन आलंय?"

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत सांगितलं, "कोनी नाय, भावजी. झोपा तुमी."

आज विचारलंत तर आजही हेच सांगेन. साहेब एवढेसे झाले. मला वाटलं आता जातील, शहाळं ठेवून, आले तसे. जायला दार मोकळं होतं, माझ्याशिवाय त्यांना कुणी बघितलं नव्हतं. पण ते खाटेला वळसा घालून आले, शहाळं खाली ठेवलं आणि गणेशचा हात हातात घेतला.

"मी आलोय, गणेश. पत्रक होतं. समोर होतं. मी नाही म्हणालो."

गणेश साधा पोरगा, रागावता येत नाही त्याला, कुणावर ओरडलेला मी ऐकला नाही. हात त्यानं सोडवून घेतला नाही. पट्टी बांधलेलं तोंड साहेबांच्या आवाजाकडे वळवलं.

"साहेब, तुमी सोताच्या डोळ्यानी बघितलं व्हतं ना?"

"बघितलं होतं."

"मंग?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं. गणेश साहेबांकडे तोंड करून उत्तराची वाट बघत राहिला, आणि मीही.